ट्रेलरचा टायर दर उन्हाळ्यात फुटतोय? नक्षी सोडा, तारीख वाचा

तक्रार साधारण अशी असते. ट्रॅव्हल ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचे, टायर दिसायला जवळजवळ नवे आहेत, नक्षी खोल आहे, हवा आहे, वर्षातून चार-पाच सहलींपलीकडे गाडी जागची हलत नाही, आणि तरी उन्हाळा आला की एखादा टायर फुटतोच. आपण तो बदलतो आणि सुटलो म्हणतो. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा जातो.

आमच्याकडे तीन वर्षांत तीन गेले. पहिल्या दोन्ही वेळा मी कारण चुकीचं ठरवलं. तिसऱ्या वेळी मागे बसलेल्या दोन मुलांचे चेहरे आरशात पाहिले, तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे. अमेरिकेत आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) किंवा ट्रेलर घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. त्यांतले बहुतेक जण आमच्यासारखेच जुनी गाडी विकत घेतात आणि तिच्यासोबत जुने टायरही घरी आणतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही ॲरिझोनात, फीनिक्सला राहतो. ट्रेलर २०१६ च्या मॉडेलचा, दोन ॲक्सलचा, चार चाकांचा. २०२१ च्या मार्चमध्ये सेकंडहँड घेतला. आधीच्या मालकाने फारसा वापरला नव्हता, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. ट्रेलरला ओडोमीटर नसतो, त्यामुळे किती मैल झाले ते मालकाच्या तोंडूनच कळतं. टायरची नक्षी मात्र त्याच्या बाजूने साक्ष देत होती. बोट घातलं तर चांगलं आत जात होतं. आम्ही खूश झालो.

पहिला टायर त्याच जुलैत फुटला. आय-१७ महामार्गावरून फ्लॅगस्टाफला निघालो होतो. ब्लॅक कॅनियन सिटी सोडल्यावर सनसेट पॉइंटकडे जो लांबलचक चढ लागतो, तिथे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने दिवे मारले. आम्हाला आवाजसुद्धा आला नव्हता. एसी चालू असताना पंचवीस-तीस फूट मागे फुटलेला टायर पुढच्या गाडीत ऐकू येतोच असं नाही. उजवं मागचं चाक होतं. रस्त्यावर काहीतरी धारदार पडलं असेल, असं आम्ही ठरवलं. मागच्या बंपरवरची स्टेपनी काढून लावली. ती कोरी करकरीत होती, एकदाही रस्त्याला लागलेली नव्हती. घरी येऊन एक नवा टायर आणला आणि तो स्टेपनी म्हणून मागे अडकवला.

दुसरा जून २०२२ मध्ये, आय-४० वर सेलिगमनच्या पुढे. पुन्हा उजवं मागचंच चाक! मग संशय त्या कोपऱ्यावर गेला. ॲक्सल वाकला असेल, बेअरिंग गरम होत असेल, ब्रेक धरून ठेवत असेल. गॅरेजमध्ये सगळं तपासून घेतलं, पैसे मोजले, काही निघालं नाही. टायर स्वस्तातला असणार, चांगल्या कंपनीचा घ्या, असा सल्ला मिळाला. फुटलेला टायर म्हणजे तीच कोरी करकरीत स्टेपनी होती, ही गोष्ट तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

तिसरा सप्टेंबर २०२३ मध्ये, सॅन दिएगोला जाताना, आय-८ वर गिला बेंडच्या पुढे. या वेळी डावं पुढचं चाक. कोपऱ्याची शंका तिथेच मोडीत निघाली. सुटलेल्या रबराच्या पट्ट्याने चाकाभोवती गरगर फिरून ट्रेलरच्या तळाचा पत्रा फाडला, सांडपाण्याचा पाइप तोडला, ब्रेकची वायर उपटली. गॅसची नळी तिथून दोन बोटांवरून जात होती.

त्या रात्री गिला बेंडच्या मोटेलमधून सोलापूरला बाबांना फोन लावला. आमचे रात्रीचे नऊ, त्यांचे सकाळचे साडेनऊ. बाबांनी नोकरीतली एकोणतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, त्यांतली निम्मी टायर विभागात. त्यांनी कंपनी विचारली नाही, किती मैल झाले ते विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "तुकडे उचललेस का रस्त्यावरून?" एक मोठा तुकडा ट्रेलरखाली अडकला होता, तो होता. "अगं, मग फोटो पाठव. पट्टा सुटलाय की बाजू फाटलीये ते बघू."

या प्रश्नाला मी आता फार मोल देते. फुटलेला टायर आपण वैतागून फेकून देतो, पण तो का फुटला हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. बाबांनी फोनवर सांगितलं ते माझ्या शब्दांत असं.

टायरची बाजूची भिंत सगळीकडून गोल फाटली असेल, आतून रबराचा भुसा निघत असेल, भिंतीवर गोलाकार घासल्याचा पट्टा असेल, तर तो टायर कमी हवेवर धावला आहे. भिंत दर फेऱ्याला जास्त दुमडत गेली, तापली आणि शिजली. एकाच जागी आतून फुलीसारखी किंवा चांदणीसारखी चीर असेल आणि बाकी टायर धड असेल, तर खड्डा, फुटपाथची कड, दगड असा कशाचा तरी मार आहे. ही फूट लगेच होईल असं नाही, मार बसल्यावर काही आठवड्यांनीही होते. आणि दोन्ही बाजूच्या भिंती बऱ्यापैकी शाबूत राहून वरचा नक्षीचा पट्टा सालीसारखा सोलून निघाला असेल, खाली तारा उघड्या पडल्या असतील, तर आतल्या पोलादी पट्ट्यांमधलं रबर एकमेकांना धरून राहिलेलं नाही. याच्यामागे वय, उष्णता आणि ओझं असतं. बहुतेक वेळा तिन्ही मिळून.

आमचा तुकडा म्हणजे हातभर लांब सोललेली साल होती. नक्षी पाहिली तर अजून दोन-तीन वर्षं सहज चालेल अशी.

"तारीख काय आहे त्याची?" बाबांचा दुसरा प्रश्न.

टायरच्या भिंतीवर डीओटी ही अक्षरं कोरलेली असतात आणि त्यांच्या पुढे अक्षर-आकड्यांची एक ओळ असते. त्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २००० सालापासून ही चार आकड्यांची पद्धत आहे. त्याआधी तीनच आकडे असायचे. तीन आकडे दिसले तर पुढे काही वाचायची गरजच नाही, तो टायर विसाव्या शतकातला आहे. एक अडचण मात्र आहे. बऱ्याच टायरांवर तारखेसकट पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, आणि बसवणाऱ्याने ती बाजू आत टाकली असेल तर बाहेरून तुम्हाला अर्धीच ओळ दिसते. आमच्या चारपैकी तीन टायरांचं तसंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉर्च घेऊन ट्रेलरखाली आडवी झाले आणि मोबाइलने फोटो काढत गेले.

३४१५. पुन्हा ३४१५. फुटलेल्या तुकड्यांवरही तेच. २०१५ सालचा चौतिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. ट्रेलर २०१६ चा असला तरी टायर त्याच्याही आधीचे. आठ वर्षं होऊन गेली होती. घरी गेल्यावर दुसऱ्या फुटीचे जुने फोटो शोधले, तर त्या कोऱ्या करकरीत स्टेपनीवरही ३४१५. पाचही टायर एकाच आठवड्यात जन्मलेले! आणि मी २०२१ मध्ये दुकानातून जो नवा टायर आणला होता, त्यावर ०८१९. विकत घेतला तेव्हाच त्याला सव्वादोन वर्षं होऊन गेली होती.

तिन्ही वेळा फुटण्याचं कारण एकच होतं. मी दर वेळी पाचातला एक बदलत होते आणि उरलेल्यांवर मुलांना घेऊन फिरत होते.

वयाने टायर का मरतो, हे कळल्यावर नक्षीवरचा माझा विश्वास उडाला. आपण वरून पाहतो त्या बारीक भेगा ऊन आणि हवेतला ओझोन यांच्यामुळे पडतात. त्या वाईट आहेतच, पण खरा घातक बदल आत होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. टायरमधली हवा दाबाखाली असते. तिच्यातला ऑक्सिजन आतल्या अस्तरातून हळूहळू रबरात झिरपत राहतो आणि दोन पोलादी पट्ट्यांमधल्या पातळ थरापर्यंत पोचतो. तिथलं रबर त्याच्याशी संयोग पावून कडक होतं, त्याची ताणायची ताकद जाते. पट्ट्यांच्या कडांना केसासारख्या बारीक चिरा सुरू होतात. गाडी धावते तेव्हा दर फेऱ्याला त्या उघडमीट करतात आणि आतल्या आत वाढत जातात. मग एखाद्या कडक उन्हाच्या दिवशी, चढावर, भरल्या ट्रेलरखाली, पट्टा सुटतो. तापमान जितकं जास्त तितका हा सगळा प्रकार लवकर घडतो. फीनिक्समध्ये २०२३ च्या जून-जुलैत सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर किंवा बरोबरीत होता. तेव्हा आमचा ट्रेलर अंगणात काळ्या डांबरावर उभा होता.

कमी वापरलेली गाडी टायरच्या बाबतीत जास्त धोक्याची ठरते, हे पचायला मला वेळ लागला. रबरात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, वाकतो, तेव्हा ती आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि पातळ थर धरतात. उभ्या टायरला ते मिळत नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्या कारचे टायर चार-पाच वर्षांत नक्षी झिजून जातात, त्यांना म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही. ट्रेलरचा टायर झिजत नाही, म्हणून आपण त्याला तरुण समजतो.

माझ्या शहराचा टायरच्या वयावरच्या संशोधनाशी थेट संबंध आहे, हे मला नंतर कळलं. फायरस्टोन कंपनीने २००० साली सदोष टायर परत मागवल्यावर अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षी कायदा केला आणि टायरच्या वयाचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. एनएचटीएसए ही इथली महामार्ग सुरक्षा संस्था. तिने २००३ मध्ये अभ्यासासाठी लोकांच्या वापरातले टायर गोळा केले ते फीनिक्समधून, कारण ऊन इथलं. रस्त्याला फारशा न लागलेल्या स्टेपन्यांचं रबरही वयाने खराब झालेलं त्यांना आढळलं. आमच्या दुसऱ्या फुटीचा खुलासा मला तिथे मिळाला. याच संस्थेने काँग्रेसला दिलेल्या अहवालात एका मोठ्या विमा कंपनीचे आकडे आहेत. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांत कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरचे ७७ टक्के दावे तिथून आले होते. त्या दाव्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांपेक्षा जुने होते.

तरीही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टायरला वयाची मर्यादा नाही. कायदा नक्षीची खोली मोजतो. ब्रिटनने १ फेब्रुवारी २०२१ पासून लॉरी, बस आणि कोच यांच्या पुढच्या ॲक्सलवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी केली आणि मिनीबसच्या तर सगळ्याच एकेरी चाकांवर. त्यामागे २०१२ चा सरे परगण्यातला अपघात आहे. संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या कोचचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा जीव गेला. तो टायर १९ वर्षांहून जुना होता, आणि त्याची नक्षी कायद्याला धरून होती. गेलेल्यांमधल्या एका तरुणाच्या आईने पुढची कित्येक वर्षं या बंदीसाठी लढा दिला. मी आई आहे, आणि ते वाचल्यापासून "नक्षी चांगली आहे" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

मग किती वर्षांनी बदलायचा? फोर्डसारखे गाडी बनवणारे सहा वर्षं सांगतात, नक्षी कशीही असो. मिशलिन म्हणते, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षांनी स्टेपनीसकट बदलाच. पण हे आकडे प्रामुख्याने गाडीच्या टायरांचे आहेत. ट्रेलरचा टायर जास्त ओझं वाहतो आणि जास्त उभा राहतो. माझा नियम असा ठरला आहे: फीनिक्ससारख्या ठिकाणी पाच वर्षं पूर्ण झाली की स्टेपनीसकट पाचही बदलायचे. थंड प्रदेशात, छपराखाली उभ्या असलेल्या गाडीला कुणी सहा म्हणालं तर मी वाद घालणार नाही. त्यापुढे मात्र घालेन.

विकत घेताना दुकानदाराला आधीच सांगा की टायर एका वर्षाच्या आतला हवा. बसवण्याआधी तारीख स्वतः वाचा, आणि तारखेची बाजू बाहेर ठेवायला लावा म्हणजे पुढच्या वेळी ट्रेलरखाली झोपावं लागणार नाही. व्हॉल्व्हही नवे घ्या. आत खेचून बसवायचे साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) चालतात. तुमचा टायर ८० पीएसआयचा असेल तर जास्त दाबासाठीचे किंवा धातूचे लागतात.

आता ओझं. वय हे आमचं मूळ दुखणं होतं, पण टायर इतक्या लवकर का गेले याचं उत्तर वजनकाट्यावर मिळालं. आमच्या ट्रेलरचे ॲक्सल प्रत्येकी ३,५०० पाउंडांचे. त्यावर कारखान्यातून आलेले टायर एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज (ओझं पेलण्याची श्रेणी) सी. (इथे एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर थांबले आणि मग मनापासून हसले.) हा टायर ५० पीएसआय हवेला १,७६० पाउंड पेलतो. दोन मिळून ३,५२०. म्हणजे एका पूर्ण ॲक्सलमागे शिल्लक फक्त वीस पाउंड, साधारण नऊ किलो! दोन किलो डाळ-तांदूळ, कुकर आणि लोखंडी तवा ठेवला की संपली.

हे गणितही दोन्ही चाकांवर सारखं वजन आहे असं धरून आहे. ते तसं कधीच नसतं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, तिथे ॲक्सलचं वजन मिळतं आणि ते घ्यायलाच हवं. पण चाकानुसार वजन कळलं तर दुखणं नेमकं सापडतं. जानेवारीत क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हजारो आरव्ही जमतात. २०२४ मध्ये आम्हीही गेलो आणि तिथे एकाकडून चाकाखालचे सुटे काटे लावून वजन करून घेतलं. डावं पुढचं चाक १,८९० पाउंड, मर्यादेपेक्षा १३० जास्त. स्वयंपाकघर, फ्रिज आणि पाण्याची टाकी, तिन्ही डावीकडे. ४० गॅलनची भरलेली टाकी एकटीच सव्वातीनशे पाउंडांवर जाते. तिसरा टायर नेमका त्याच कोपऱ्यावर फुटला होता.

आम्ही त्याच मापाचे पण लोड रेंज डी चे टायर घेतले. ते ६५ पीएसआयला २,०४० पाउंड पेलतात. त्याआधी रिमवर कोरलेला वजनाचा आणि दाबाचा आकडा तपासला, कारण टायर भक्कम आणि रिम कमकुवत असेल तर उपयोग नाही. डावीकडचं जड सामान उजवीकडे हलवलं आणि पाणी मुक्कामाजवळ भरायला लागलो. त्या चाकावर आता १,७४० येतं.

हवेबद्दल थोडक्यात. ट्रेलरच्या टायरला, ट्रेलरवरच्या माहितीच्या प्लेटवर वेगळं लिहिलेलं नसेल तर, भिंतीवर दिलेला पूर्ण दाब भरतात, आणि तो गार टायरला. सकाळी निघण्याआधी, चाक हलण्याआधी मोजायचा. रस्त्यात टायर तापून आकडा वाढतो, तेव्हा घाबरून हवा सोडू नका. तापमान दर १० अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण दोन टक्क्यांनी उतरतो. म्हणून फीनिक्समध्ये भरलेले ५० पीएसआय फ्लॅगस्टाफच्या गार पहाटे कमी दिसतात. तिथे पुन्हा भरा.

वेग याहून महत्त्वाचा. एसटी टायर पूर्वापार ताशी ६५ मैलांसाठी बनत आले. हल्लीच्या अनेक टायरांवर त्याहून वरच्या वेगाचं अक्षर असतं, ते वाचा. अक्षर नसेल तर ६५ च धरा. आय-८ वर पाटी ७५ ची आहे. मी ७० ने चालले होते आणि स्वतःला सावध समजत होते. कॅलिफोर्नियाची हद्द लागली की ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ ची मर्यादा असते. पूर्वी मला ती जाचक वाटायची, आता मी ॲरिझोनातही ६० च्या पुढे जात नाही.

निघण्याआधी मी जे करते त्याला वीस मिनिटं लागतात. चारही टायरांवरून, आतल्या बाजूनेसुद्धा, तळहात फिरवायचा. फुगा, उंचवटा, नक्षीला आलेली लाट हाताला आधी कळते. हातमोजा घाला, सुटलेली तार हाताला चिरते. शंका आली तर जॅक चेसिसच्या तुळईला लावून चाक उचला, ॲक्सलला लावू नका, आणि चाक हाताने फिरवून बाजूने पाहा. नक्षी वरखाली होताना दिसली तर तो टायर त्याच दिवशी उतरवा. रस्त्यात दर थांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही टायर आणि हब (चाकाचा मधला भाग) यांचं तापमान मोजते. आकडा किती याहून चौघांत वेगळा कोण, हे महत्त्वाचं. उन्हाकडची बाजू थोडी जास्त येणारच.

व्हॉल्व्हवर बसवायचे दाब दाखवणारे सेन्सर घ्या, जरूर घ्या. पंक्चर झालं तर ते वेळेत ओरडतात. अमेरिकेत कारना ते २००८ च्या मॉडेलपासून सक्तीचे आहेत, पण ट्रेलरला ती सक्ती लागू नाही. मात्र पट्टा सुटायला लागलेल्या टायरमध्ये हवा शेवटच्या क्षणापर्यंत पुरेपूर असू शकते. सेन्सर तुम्हाला वय सांगणार नाही.

सगळं नवं करूनही टायर जात असेल, तर आता कोपऱ्याकडे वळा. एकाच चाकाची नक्षी एका कडेने झिजत असेल तर ॲक्सल वाकलाय किंवा अलाइनमेंट गेलीय. हब इतरांपेक्षा फार तापत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक. पाटे आणि त्यांचे बुश झिजले असतील तर चाक बाजूला सरकून मडगार्डला घासतं, घासल्याची खूण तिथे दिसते. अजून एक गोष्ट आपण स्वतः करतो. दोन ॲक्सलचा ट्रेलर कॅम्पच्या जागेत काटकोनात मागे घेताना बाहेर उभं राहून चाकांकडे पाहा. पुढची आणि मागची चाकं उलट दिशांना पिळली जातात, टायर रिमवर अक्षरशः आडवा होतो. तो सगळा पीळ त्याच पोलादी पट्ट्यांवर जातो. शक्य असेल तिथे मोठं वळण घेऊन आत शिरा. आणि एक टायर फुटला की त्याच बाजूच्या दुसऱ्याने काही मैल दुप्पट ओझं वाहिलेलं असतं, त्यालाही बदला, मग तो दिसायला कसाही असो.

रस्त्यात फुटलाच तर ब्रेकवर पाय आपटू नका. स्टिअरिंग घट्ट, सरळ. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलायचा, गाडी रेषेत आली की मग बाजूला घ्यायची. मोठ्या मोटरहोमचा (स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीचा) पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला जोरात ओढते, तिथे हे आणखी महत्त्वाचं. मोटरहोमवाल्यांनी मागच्या जोडचाकांतलं आतलं चाकही तपासावं. तिथे हात पोचत नाही म्हणून वर्षानुवर्षं त्याची तारीख कुणी वाचत नाही.

उभ्या गाडीची काळजी सोपी आहे. पांढरी आवरणं चाकांवर, खाली लाकडी फळ्या, हवा पूर्ण, पाण्याच्या टाक्या रिकाम्या, दोन-तीन महिन्यांनी एक फेरी. धुवायला साधा साबण. टायर काळाभोर चमकवणारी पेट्रोलियमवाली द्रव्यं लावू नका, ती रबरातलं संरक्षक मेण धुऊन काढतात. विकायला काढलेल्या जुन्या ट्रेलरचे टायर असे चमकत असतील तर सरळ तारीख वाचा.

तारखेचा हा कोड भारतातल्या टायरांवरही असाच असतो. मागच्या दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मामांची कार पाहिली. निवृत्त झाल्यापासून ती महिन्यातून दोनदा मंडईत जाते. टायरवर २२१६. त्याच गाडीने मे महिन्यात समृद्धी महामार्गावरून नागपूरला लग्नाला जायचा बेत होता. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, रस्ता सिमेंटचा, आणि विदर्भातलं ऊन. मामा म्हणाले, "अगं, नक्षी बघ की, बोट बुडतंय." मी त्यांना माझ्या मोबाइलमधला गिला बेंडचा फोटो दाखवला. त्याच आठवड्यात चारही टायर आणि स्टेपनी बदलून आली.

शेवटी जुन्या टायरांचं. नवे बसवल्यावर दुकानदाराने विचारलं, चांगले दिसतायत, ठेवून घेऊ का, वापरलेले म्हणून कुणीतरी नेईल. नको म्हटलं. तिथेच उभी राहून त्याच्याकडून उरलेल्या ३४१५ च्या दोन्ही टायरांच्या भिंतीत ड्रिलने आरपार भोकं पाडून घेतली, आणि मगच ते भंगारात टाकू दिले.